उपासाची मासळी

सत्त्याण्णव सालच्या जुलैत बहरीनच्या जिदहफ्स गावामागे हाशिमच्या बागेत चाळीस मासळ्या सात दिवसांच्या उपासाला बसल्या, आणि त्यांच्या उपासावर अकीलाचा संसार टांगला गेला. सांगायला गेलं तर कुणाला खरं वाटणार नाही. गावाकडे तिच्या मैत्रिणींना वाटायचं, अकीला बहरीनला गेली म्हणजे गार खोलीत बसून आइसक्रीम खात असेल. इथे ती पहाटे उठून मासळीच्या हौदात हात घालून पाणी गढूळ आहे का ते बघत होती.

बाग जुनी होती. हाशिमच्या आजाच्या वेळी तिथे झरा होता म्हणे, कमरेएवढ्या पाण्याचा. आता झऱ्याच्या जागी कोरडा खड्डा होता आणि पाणी पंपाने ओढावं लागे. ते पाणी आधी मोठ्या हौदात पडायचं, हौदातून पाटाने खजुरांना आणि लसूणघासाला जायचं. हाशिमच्या भावांचं म्हणणं एकच होतं. झाडं तोडावीत, भिंती घालाव्यात, व्हिला बांधावेत. हाशिमला ते पटत नव्हतं, पण नुसत्या खजुरावर बाग उभी राहत नाही हे त्यालाही कळत होतं.

अकीलाचा नवरा नझीर या बागेचा पंपवाला, माळी, राखणदार, सगळंच. हौदात चिलापी सोडायची युक्ती त्याचीच. पाणी तेच, त्यात मासळी वाढेल आणि मासळीचं पाणी खजुराला खत होईल. मासळी वाढलीही तळहाताएवढी. पण हिवाळ्यात हाशिमच्या थोरल्या भावाने पहिला घास तोंडात घातला आणि तिथेच बाजूला थुंकला. चिखल, म्हणाला. समुद्राच्या मासळीवर वाढलेला माणूस तो, त्याचं काही चुकलं नव्हतं. हौदातल्या हिरव्या शेवाळाचा वास मासळीच्या अंगात उतरला होता.

मग मत्स्यखात्यातल्या कुणी जाणत्याने नझीरला उपाय सांगितला. खाण्याआधी मासळी सात दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवायची, आणि पोटात कण जाऊ द्यायचा नाही. वास आपोआप निघून जातो. नझीरने पंपाशेजारची सिमेंटची टाकी घासून लख्ख केली, चाळीस मासळ्या मोजून टाकल्या आणि हाशिमला निरोप दिला. हाशिम म्हणाला, पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर भावाला घेऊन येतो. त्याने खाल्लं तर बाग राहील. नाहीतर खलास.

खलास म्हणजे काय, ते अकीलाला कुणी समजावून सांगायला नको होतं. लग्नानंतरची पाच वर्षं ती सासरी खाडीकाठच्या घरात होती आणि नझीर इथे आठ जणांच्या खोलीत. हाशिमने बागेतल्या दोन खोल्या दिल्या, फॅमिली व्हिसाच्या कागदावर सही केली, तेव्हा कुठे नवरा-बायको एका ताटात जेवू लागली. बाग गेली तर नझीरला दुसरीकडे काम मिळेल, खोलीत एक खाट मिळेल. अकीला आणि नऊ वर्षांची तय्यबा परत जातील. एवढा साधा हिशेब होता आणि तो तिला दिवसातून दहा वेळा आठवायचा.

त्यातच सासूबाई आलेल्या. शरीफुन्निसा, पासष्टीची, काटक, पायात रबरी चपला आणि तोंडात मिश्री. व्हिजिट व्हिसावर आलेल्या, त्यातले तीन आठवडे उरलेले. आठ वर्षांनी लेकाने बोलावलं म्हणून म्हातारी हरखली होती, पण लेकाने विमानतळावरून येतानाच बजावलं होतं की इथे जमातीतली माणसं भेटतील, त्यांच्यापुढे टोपलीचं काढू नकोस. टोपली म्हणजे मासळीची टोपली. नवरा बुडाल्यावर शरीफुन्निसाने ती बावीस वर्षं डोक्यावर वाहिली होती, बंदरापासून तीन गावं. नझीरने मनामा शहरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की त्यांची घरची होडी होती, व्यापार होता. म्हातारी म्हणाली होती, नाय काढत बाबा. आणि खरंच काढलं नव्हतं.

उपासाचे पहिले चार दिवस ठीक गेले. टाकीत एका बाजूने पाणी पडत होतं, दुसऱ्या बाजूने निघून जात होतं. पाचव्या दिवशी, बुधवारी, अकीला लसूणघासाचा भारा घेऊन परत येत होती. ऊन असं की घासाच्या गारव्यातही मान भाजत होती. पंपाच्या आडोशाला तिला सासू दिसली. उकिडवी बसलेली, पदराखाली काहीतरी झाकलेलं. जवळ गेल्यावर कळलं, मोठ्या हौदातलं हिरवं शेवाळ मूठभर काढून आणलं होतं आणि ती ते चिमटीने टाकीत सोडत होती. मासळ्या उड्या मारमारून खात होत्या. सगळ्या नव्हे. धीट होत्या त्या पुढे, भित्र्या तळाला.

अकीलाच्या हातातला भारा खाली पडला. केव्हापासून चाललंय, तिने विचारलं. सोमवारपासून, म्हातारीने सांगितलं, आणि सांगताना तिला जराही अपराधी वाटत नव्हतं.

"उपाशी जिवावं हात टाकायचा नाय गो. तुझा सासरा कुर्बानीच्या बकऱ्याला आधी पाला द्यायचा, पानी पाजायचा, पाठीवरनं हात फिरवायचा. मंगच सुरी."

"अम्मा, मासळीला जबह नसतो."

"जबह नसंल. जीव तर हाय. मी बावीस वरसं मासळी इकली, पन ती मेलेली. देवानं खाऊ घातलेली. जित्या मासळीला कोंडून उपाशी ठेवलेली मी नाय बगितली कदी."

खरं तर अकीलाने तिथल्या तिथे नझीरला हाक मारायला हवी होती. पण आई आठ वर्षांनी आलेली, नझीरच्या रागाची जात तिला माहीत होती, आणि घरात तीन आठवडे तोंड फिरवून बसलेली दोन माणसं तिच्या डोळ्यांपुढे आली. तिने सासूचा ओला हात धरला आणि सांगितलं, आता पुन्हा नको. मी यांना सांगत नाही, पण तुम्ही पुन्हा नको. म्हातारीने हात सोडवून घेतला, हो म्हणाली. मग अकीलाने टाकीतलं तरंगणारं शेवाळ ओंजळीने गोळा केलं आणि खजुराच्या बुंध्याशी टाकलं. संध्याकाळी नझीरने पाणी कसं आहे विचारलं तेव्हा ती ठीक आहे म्हणाली.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता पंपाचा पट्टा तुटला.

आवाज झाला, मग एकदम शांत. बागेत राहणाऱ्याला पंपाचा आवाज कधी ऐकू येत नाही, तो थांबला की मात्र लगेच कळतं. नझीर धावत आला, पट्ट्याचे दोन तुकडे हातात घेऊन बघितले. सुटा पट्टा शिल्लक नव्हता. तुबलीतल्या वर्कशॉपांशिवाय तसा पट्टा कुठे मिळणार नव्हता. हाशिमची जुनी पिकअप काढून तो गेला. जाताना एवढंच सांगितलं की झावळ्यांनी पाणी झोडत राहा, मासळीला हवा मिळू दे, थांबू नका.

अकीला, तिची सासू आणि तय्यबा तिघी टाकीभोवती उभ्या राहिल्या. खजुराच्या वाळक्या झावळ्या, काटे काढलेल्या, दोन्ही हातांत धरून पाण्यावर आपटायच्या. पाणी उडायचं, अंगावर यायचं, ते कढत होतं. पहिल्या पंधरा मिनिटांत तय्यबाच्या तळव्यांना फोड आले.

"मम्मी, आय कान्ट," ती म्हणाली. मग दादीकडे बघितलं आणि पुन्हा झावळी उचलली.

लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून दादी अशी झोडत होती की जणू कुणाचा सूड घेते आहे. घामाने तिचा पाठकणा चोळीतून दिसत होता. अर्ध्या तासाने मासळ्या वर आल्या. तोंडं पाण्याबाहेर काढून हवा गिळू लागल्या. आणि तेव्हा अकीलाने पाण्याचा रंग बघितला. वाहतं होतं तोवर लपलं होतं ते आता साचल्यावर उघडं पडलं. पाणी हिरवट होतं, वर विष्ठेचे धागे तरंगत होते. पोट भरलेल्या मासळ्यांनी टाकी घाण केली होती.

एक मासळी कुशीवर झाली. मग दुसरी. अकीला बादल्या घेऊन धावली, घरातल्या पिंपातलं पाणी आणून ओतू लागली. पिंप ते टाकी, टाकी ते पिंप. पाय भाजत होते, चप्पल कुठे गेली ते कळलं नाही. बाराव्या की पंधराव्या बादलीला ती पाटात पाय अडकून पडली, गुडघा फुटला आणि पाणी वाळूने पिऊन टाकलं. शरीफुन्निसाने तिला उठवलं नाही. तिच्या हातातली रिकामी बादली घेतली आणि स्वतः पिंपाकडे गेली.

नझीर दीड वाजता आला. पट्टा चढवला, पंप सुरू केला, आणि पाणी पडू लागल्यावर पहिल्यांदा टाकीत नीट बघितलं. पाच मासळ्या मेल्या होत्या. त्याने एक उचलली, पोट दाबलं. मागून हिरवा धागा बाहेर आला. त्याने वर बघितलं, आणि अकीलाला वाटलं, आता आपल्याला विचारेल. पण तिने तोंड उघडण्याआधीच म्हातारी पुढे झाली.

"मी दिलं. सोमवारपासनं."

नझीर सुरुवातीला ओरडला नाही, आणि तेच वाईट होतं. हळू आवाजात म्हणाला, तुला काय कळतं यातलं. मग आवाज चढत गेला. ही तुझ्या टोपलीतली मासळी नाही, म्हणाला. दारोदार ओरडत फिरून कुजकी मासळी गळ्यात मारायची, एवढंच तुला येतं. तिकडून सुटलो म्हणून इथे आलो, तर टोपली माझ्या मागे इथवर आली.

म्हातारी खोचलेलं लुगडं सोडून सारखं करू लागली. अकीला तिथेच उभी होती, गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि तिला माहीत होतं की आता बोलायची वेळ आहे. मला बुधवारी कळलं होतं, एवढं एक वाक्य. ते तिच्याने झालं नाही. सासूने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी शरीफुन्निसा जेवली नाही. भूक नाय, म्हणाली. नझीर शेजारच्या खोलीत हाशिमला पेजरवर निरोप द्यावा की देऊ नये याचा विचार करत बसला होता. दुसरी मासळी सात दिवस ठेवायला वेळ नव्हता. बाजारातून आणून ताटात वाढावी म्हटलं तर हाशिम म्हणाला होता, टाकीतून माझ्यासमोर काढा. आणि पस्तीसांपैकी कुणाच्या पोटात चिखल आहे आणि कुणाच्या नाही, ते कापल्याशिवाय कोण सांगणार?

शुक्रवारी सकाळी अकीला उठून बाहेर आली तर म्हातारी टाकीजवळ बसलेली. शेजारी दोन टोपल्या, ओलं गोणपाट घातलेल्या. हातजाळ्याने एक मासळी काढायची, डाव्या तळव्यावर उताणी धरायची, उजवा अंगठा कल्ल्यापासून शेपटीकडे पोटावरून एकदाच न्यायचा, आणि मासळी या नाहीतर त्या टोपलीत. एवढंच. अंगठा कुठेही थबकत नव्हता.

अकीला जवळ बसली. हे काय, तिने विचारलं.

"पोट भरल्याली मासळी आदी नासती. ती आदी इकायची, पयल्या गावात. उपाशी मासळी उनात पन टिकती. ती तिसऱ्या गावाला. रोज शंभर मासळी चाचपायची गो, तवा चूल पेटायची." तिने एक मासळी डाव्या टोपलीत टाकली. "हिनं खाल्लंय." दुसरी उजवीकडे. "ही भित्री. हिच्या पोटात सात दिवसाचा उपास हाय."

अकीला तशीच उठून नझीरला बोलावून आणणार, तेवढ्यात गेटवर गाडी वाजली. हाशिम नमाजनंतर यायचा होता, तो आधीच आला होता. सोबत थोरला भाऊ, पांढरा झगा, हातात तस्बी, चेहऱ्यावर नको त्या ठिकाणी आल्याचा कंटाळा. नझीर खोलीतून बाहेर आला आणि आईसमोरच्या दोन टोपल्या बघून जागीच थिजला.

हाशिमने टोपल्यांकडे बोट दाखवलं. "नझीर, ये क्या? सब मछली सात दिन खाना मफी, तुम बोला." मफी म्हणजे नाही, एवढं अरबी अकीलालाही येत होतं.

खोटं बोलायला जागा होती. मोठी-लहान वेगळी करतेय म्हणता आलं असतं. नझीरने ओठ ओले केले, आईकडे बघितलं. ती मान खाली घालून बसली होती, अंगठा पदराला पुसत होती. अकीलाला नंतर कितीदा आठवलं, की आपल्या नवऱ्याचा चेहरा त्या क्षणी तिला ओळखू आला नव्हता.

"अरबाब, आधा मछली खाया," तो मालकाला म्हणाला. "गलती हुआ. मेरी माँ को मालूम, कौन खाया, कौन नहीं खाया. वो हाथ से देखती है." मग पुढचं एका दमात बोलून टाकलं. "मेरी माँ मछली बेचती थी. सर पे टोकरी रखके, बाईस साल. होडी-वोडी कुछ नहीं था. उसी टोकरी से मैं इधर आया."

थोरल्या भावाने अरबीत काहीतरी म्हटलं आणि हसला. हाशिम हसला नाही. त्याने दोन्ही टोपल्यांतून एकेक मासळी उचलली, खिशातला चाकू काढला आणि तिथेच पाटाच्या कडेवर दोन्ही चिरल्या. डावीकडच्या मासळीच्या पोटातून हिरवं बाहेर आलं. उजवीकडच्या मासळीचं पोट स्वच्छ, नुसती पांढरी आतडी. भावाचं हसणं थांबलं. पण तो हट्टी माणूस होता. त्याने स्वतः झगा सावरून खाली वाकून दोन्ही टोपल्या एका घमेल्यात उपड्या केल्या आणि म्हातारीकडे ढकललं. पुन्हा, असा हात केला.

शरीफुन्निसाने त्याच्याकडे बघितलं, मग डोळे मिटले. तेहतीस मासळ्या, एकेक करून. ऊन वर चढत होतं, पंपाचा आवाज तेवढा चालू. कालपासून पोटात काही नाही, हे तिथे फक्त अकीलाला आणि नझीरला माहीत होतं. चौदा डावीकडे, एकोणीस उजवीकडे. भावाने डावीकडच्या तीन आणि उजवीकडच्या तीन निवडून चिरायला लावल्या. एकही चुकली नाही.

उजवीकडच्या टोपलीतली मासळी अकीलाने केली. मीठ, हळद, लाल तिखट, कोकमाचं आगळ, आणि तव्यावर. हात भाजला तरी तिला कळलं नाही. ताट बाहेर गेलं आणि ती दाराच्या फटीतून बघत राहिली. थोरल्या भावाने बोटांनी काटे काढले, घास नाकाजवळ नेला, हुंगला. तोंडात घातला. चघळत राहिला. अकीलाला पाच वर्षं खाडीकाठी एकटीने काढलेले सगळे पावसाळे आठवले. त्याने गिळलं. मग दुसऱ्या तुकड्याकडे हात नेला.

जाताना हाशिम नझीरजवळ थांबला. एक साल, म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बागेला कुणी हात लावणार नाही. मासळी जिदहफ्सच्या बाजारात जाईल, इंशाल्ला. पण एक अट होती, आणि ती सांगताना त्याने मानाने म्हातारीकडे हात केला.

"सब मछली हज्जिया देखेगा. हज्जिया का हाथ मफी, तो बाजार मफी. ओके?"

ओके, नझीर म्हणाला. हज्जियाचा व्हिसा तीन आठवड्यांत संपतो हे त्याने सांगितलं नाही. एका दिवसात एवढं खरं पुरे झालं असं त्याला वाटलं असावं.

गाडी गेल्यावर तो घरात आला. तव्यावरचा उरलेला तुकडा, भात आणि आमटी त्याने स्वतः ताटात वाढली, आणि टाकीजवळ बसलेल्या आईपुढे ताट नेऊन ठेवलं. मग तिच्यासमोर उकिडवा बसला.

"जेव, अम्मा," तो म्हणाला. "उपाशी जिवाकडून मी काम करून घेतलं."

म्हातारीने ताटाकडे बघितलं, मग लेकाकडे, आणि पदराने तोंड झाकलं. अकीलाने तिला रडताना पहिल्यांदाच बघितलं. काल जे वाक्य निघालं नव्हतं ते तिने तेव्हा बोलून टाकलं. मला बुधवारीच कळलं होतं, मी तुमच्यापासून लपवलं, अम्मा एकट्या शिव्या खात होत्या आणि मी उभी होते. नझीरने ऐकलं. रागावेल असं तिला वाटलं. त्याने डावीकडची टोपली उचलली, खाल्लेल्या मासळ्यांची, परत उपासाला घालायची होती ती, आणि तिच्यापुढे आणून ठेवली. मग पंपाचा नवा पट्टा बघायला गेला.

शरीफुन्निसाने भात खाल्ला, हात धुतला. अकीलाचा उजवा हात ओढून घेतला, पालथा-उलथा करून बघितला. बादल्यांचे फोड, सकाळचं भाजलेलं. त्यातल्या त्यात शाबूत होता तो अंगठा. म्हातारीने उजव्या टोपलीतल्या उरलेल्या मासळ्या डावीकडच्यांत मिसळल्या, त्यातली एक काढली, अकीलाच्या तळव्यावर उताणी ठेवली आणि तिचा अंगठा धरून पोटावरून सावकाश नेला. मासळी थंड होती, बुळबुळीत होती, आणि आत काहीतरी जिवंत धडधडत होतं.

"सांग. खाल्लंय का उपाशी?"

अकीलाने डोळे मिटले. "उपाशी."

"चूक," म्हातारी म्हणाली. "अजून तीन हप्ते हायती. दुसरी घे."

अकीलाने दुसरी घेतली.